हद्द कायम

आमच्या मोजणी खात्यात एक शब्दप्रयोग आहे : हद्द कायम. बांधावरून दोन शेजाऱ्यांत वाद झाला की अर्ज येतो, फी भरली जाते, तारीख लागते आणि भूकरमापक जुना नकाशा घेऊन शिवारात उतरतो. खरी हद्द कुठून जात होती ते शोधायचं, तिथं खुणा करून द्यायच्या, लगतच्या खातेदारांना दाखवायच्या. 34 वर्षं मी हे काम केलं. निवृत्त झाल्यावर सहाव्या वर्षी माझ्याच उजव्या डोळ्यात हद्द कायम करून घ्यावी लागली.

ऑपरेशन छोटं होतं. त्यानंतरचे सहा आठवडे मोठे होते. त्या दिवसांत डोळा मिटून जे सुचलं ते इथं लिहितो आहे.

*

डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यातून एक मांसल पापुद्रा पांढऱ्यावरून काळ्याकडे सरकत येतो. पुढं टोक, मागं रुंद. आमच्या आजीच्या तोंडी त्याला शब्द होता, वडस. आता लोक नुसतं ‘डोळ्यात मांस वाढलंय’ म्हणतात. डॉक्टर टेरिजियम म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ चिमुकला पंख. सुश्रुतानं त्याला अर्म म्हटलं, त्याचे पाच प्रकार सांगितले आणि डोळ्याच्या पांढऱ्या भागाच्या रोगांत त्याची गणना केली.

कुणाला तो पंख दिसला, कुणाला मांस. मी त्याच्याकडे पाहिलं तेव्हा मला कोरलेला बांध दिसला. दर पेरणीला शेजारी नांगराचं एक तास आत घेतो. एका वर्षात कळत नाही. दहा वर्षांनी गुंठा गेलेला असतो.

*

पांढरं जिथं संपतं आणि बुबुळ जिथं सुरू होतं तिथं एक बारीक कडं आहे. वर्तुळाचा व्यास जेमतेम 12 मिलिमीटर. या कड्याच्या एका बाजूला रक्तवाहिन्यांचं जाळं, दुसऱ्या बाजूला एकही रक्तवाहिनी नाही. बुबुळावरचा तो काचेसारखा पडदा, कॉर्निया, मध्यभागी साधारण अर्धा मिलिमीटर जाड आहे. त्यात रक्त शिरलं की तो पारदर्शक राहत नाही. म्हणून त्यानं रक्ताशिवाय जगायचं पत्करलं आहे. प्राणवायू तो थेट हवेतून घेतो.

दिसावं म्हणून एका पडद्यानं रक्तावरचा हक्क सोडला आहे, हे मला साठी उलटल्यावर कळलं.

*

त्या कड्यावरच कॉर्नियाच्या वरच्या थराच्या मूळपेशी राहतात. तिथून नव्या पेशी मध्याकडे सरकत राहतात, झिजलेल्या गळून जातात, आठवडा-दीड आठवड्यात सगळा थर नवा होतो. जोवर या मूळपेशी शाबूत आहेत तोवर पांढऱ्याकडची त्वचा काळ्यावर पाऊल टाकत नाही. वर्षानुवर्षांच्या उन्हानं त्या भाजल्या, थकल्या, की बांध मोकळा पडतो.

खात्यातही हेच पाहिलं. बळजोरीनं गेलेल्या जमिनी थोड्या. राखणारा म्हातारा झाला, शहरात गेला, आजारी पडला आणि मग गेल्या, अशा पुष्कळ.

*

हे मांस बहुतेकांच्या नाकाच्या बाजूनंच का वाढतं? ऑस्ट्रेलियातले नेत्रतज्ज्ञ मिनास कोरोनिओ यांनी 1990च्या दशकात याचा एक उलगडा मांडला. कानाकडच्या बाजूनं तिरपं येणारं ऊन कॉर्नियात शिरतं, भिंगातून जावं तसं एकवटतं आणि पलीकडच्या, म्हणजे नाकाकडच्या कडेवर पडतं. एकवटून त्याची तीव्रता 20 पटींपर्यंत वाढू शकते. नाकाच्या बाजूनं तसं तिरपं ऊन येत नाही, कारण मध्ये नाक उभं आहे.

लहानपणी आम्ही बहिर्वक्र भिंगानं वाळलं पान जाळायचो. तोच खेळ ऊन आमच्या डोळ्याशी खेळत होतं.

*

विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना 37 अंशांपर्यंतच्या पट्ट्यात हा विकार अधिक आढळतो. आपला जवळजवळ सगळा देश त्या पट्ट्यात आहे. पण पट्टा सगळ्यांना सारखा लागू होत नाही. एकाच गावात सावलीत बसणारा त्याच्या बाहेर असतो आणि रानात राबणारा आत. शेतकरी, मच्छीमार, रस्त्यावर खडी टाकणाऱ्या बाया, मिठागरातले कामगार. अक्षांश नकाशावर असतो; ऊन अंगावर असतं.

*

माझी बरीच नोकरी सोलापूर जिल्ह्यात गेली. मंगळवेढ्याचं शिवार ज्यानं पाहिलं आहे त्याला सांगायला नको. काळी सपाट जमीन, ज्वारीचं रान, नजर पोचेल तिथवर झाड नाही. पीक उभं असताना मोजणी होत नाही. ज्वारी निघाली की आमचा हंगाम सुरू व्हायचा, म्हणजे मार्च, एप्रिल, मे. तिपाईवर फलकयंत्र, त्यावर पांढरा कागद, कागदावर वरून पडणारं ऊन आणि तेच परतून डोळ्यात. एक डोळा मिटून दुर्बिणीतून झेंडी शोधायची. जो उघडा राहायचा तो उजवा.

टोपी होती. टोपी वरचं ऊन अडवते. बाजूनं आणि खालून येणारं अडवायला कडेपर्यंत डोळे झाकणारा गडद चष्मा लागतो, हे तेव्हा कुणी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

*

किती वर्षं ते वाढत होतं? डोळे लाल व्हायचे, चुरचुरायचे. मी धुळीवर टाकायचो. पुढं पुढं ते मांस कॉर्नियाला ओढू लागलं, त्याचा गोलावा बदलला, आणि दूरच्या खांबाला सावलीसारखा दुसरा खांब दिसू लागला. मग डॉक्टरकडे गेलो.

आयुष्यभर लोकांना सांगितलं, बांध कोरतोय असं दिसलं की लगेच अर्ज करा, उशीर केलात तर पुरावा जातो. स्वतःचा अर्ज मी शेवटच्या दिवशी केला.

*

ऑपरेशनला अर्धा-पाऊण तास लागला. मी जागा होतो. डोळ्यात बधिरतेचे थेंब, एक बारीक सुई, वर दिवा. दुखलं नाही. 1884 साली कार्ल कोलर या व्हिएन्नातल्या तरुण डॉक्टरनं थेंबांनी डोळा बधिर करून दाखवला. त्याआधी डोळा पुष्कळदा बधिर न करताच, रोगी शुद्धीत असताना कापायचे, आणि माणसं त्याला धरून ठेवायची. पाठीवर निजलेला असताना मला त्या अगणित निनावी रोग्यांची आठवण झाली. आपल्याला जे सोसावं लागत नाही ते कुणीतरी आधी सोसून झालेलं असतं.

*

ऑपरेशनच्या आधी डॉक्टरबाईंनी मला एक गोष्ट नीट समजावली. नुसतं मांस काढलं आणि जागा उघडी ठेवली तर ते पुष्कळ वेळा परत येतं. काही अभ्यासांत तर निम्म्याहून अधिक जणांत परत आलेलं आहे. येतं ते अधिक जाड आणि अधिक जोमानं. म्हणून काढलेल्या जागी त्याच डोळ्याच्या निरोगी त्वचेचं ठिगळ लावायचं. केनेथ केनियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1985 साली ही पद्धत मांडली. तेव्हापासून परत वाढण्याचं प्रमाण फार खाली आलं. पूर्वी ठिगळ टाक्यांनी बसवायचे. आता पुष्कळ ठिकाणी रक्तातल्या गोठणाऱ्या घटकांपासून केलेल्या चिकट द्रवानं चिकटवतात.

हे ऐकताना मला बांधावरची घायपात आठवली. अतिक्रमण काढून दिलं, खुणा रोवल्या, पंचनामा झाला, तरी पट्टी मोकळी राहिली तर दुसऱ्या पावसाळ्यात नांगर पुन्हा आत येतो. म्हणून जाणती माणसं बांधावर काहीतरी लावतात. काढणं हे अर्धं काम. त्या जागी काय लावलं, यावर हद्द टिकते.

*

ठिगळ कुठून घेतात? वरच्या पापणीखालून. डोळ्याचा तो पांढरा भाग जन्मभर झाकलेला राहतो. ऊन तिथं पोचत नाही, धूळ पोचत नाही. म्हणून तो निरोगी असतो. तिथून पापुद्र्यासारखा पातळ तुकडा काढला की ती जागा काही दिवसांत आपली आपण भरून येते.

सावलीत राहिलेला तुकडा भाजलेल्या जागी लावतात. तो तिथं रुजतो आणि हद्द धरून बसतो.

हे वाक्य मी त्या सहा आठवड्यांत पुन्हा पुन्हा मनात घोळवलं. शेवटी त्याच्याकडे परत यायचं आहे.

*

पहिली रात्र. बधिरता उतरली आणि डोळ्यात वाळू भरल्यासारखं झालं. पाणी वाहत होतं, उजेड सोसत नव्हता, डावा डोळा हलला तरी उजवा दुखायचा, कारण दोघं एकत्रच फिरतात. मिटलेला डोळासुद्धा शेजाऱ्याच्या मागं जातो.

शरीराच्या पृष्ठभागावर कॉर्नियाइतके दाट मज्जातंतू दुसरीकडे नाहीत. त्वचेच्या शेकडो पट. एक कण गेला तरी माणूस सगळं सोडून थांबतो. ते दुखणं राखणदाराचं ओरडणं आहे. एरवी आपल्याला त्याचा त्रास वाटतो. त्या रात्री मला त्याचा आधार वाटला : राखणदार जागा आहे.

*

जखम भरते कशी? कॉर्नियावरचा थर खरचटला की कडेच्या पेशी आधी वाढत नाहीत. आधी त्या सपाट होतात, पसरतात आणि उघड्या जागेवर सरकत येतात. जागा झाकून झाली की मग त्यांची संख्या वाढते, थरावर थर चढतात. आधी झाकण, मग भरण.

घरात मृत्यू झाला की शेजारीण आधी पिठलं-भाकरी घेऊन येते; बोलणं नंतर. तीही आधी झाकतेच.

*

डोळा उघडा असताना कॉर्निया हवेतून श्वास घेतो. मिटल्यावर हवा तुटते. मग पापणीच्या आतल्या बाजूच्या रक्तवाहिन्या त्याला प्राणवायू पुरवतात. एरवी दर मिनिटाला पंधरा-वीसदा खाली येऊन पाणी सारवून जाणारी ही पापणी झोपेत त्याचा श्वास होते.

मिटणं म्हणजे काम बंद ठेवणं, असं मी समजत होतो. मिटल्यावर दुसरं काम सुरू होतं, आणि ते फक्त मिटल्यावरच होतं.

*

चिठ्ठीवर औषधं तीन होती आणि ‘नको’ पुष्कळ. डोळा चोळायचा नाही. डोक्यावरून अंघोळ नाही. वाकून जड उचलायचं नाही. त्या कुशीवर निजायचं नाही. धूर नको, धूळ नको, फोडणीच्या वाफेसमोर उभं राहायचं नाही. बाहेर पडताना गडद चष्मा, रात्री डोळ्यावर प्लॅस्टिकची वाटी.

माणसाला काहीतरी करायला सांगितलं की तो करतो. काही करू नको सांगितलं की त्याची परीक्षा होते. मला खाज यायची आणि हात आपोआप वर जायचा. समोरून सौ. म्हणायची, ‘अहो, हात.’ एवढंच. दिवसातून कितीदा तिनं हे म्हटलं असेल, मोजलं नाही. मी हात खाली घ्यायचो.

ठिगळ दिसायला पक्कं दिसतं, पण पहिले काही दिवस त्याला स्वतःचं रक्त नसतं. खालच्या जमिनीशी नातं जुळून रक्तवाहिन्या यायला आठवडाभर जातो. तोवर एका चोळण्यानं ते सरकू शकतं. रुजणाऱ्या गोष्टीला पहिल्या आठवड्यात फक्त एकच मदत हवी असते. तिला हलवू नका.

*

थेंब घालणं ही माझ्या दिवसाची घटिका झाली. सकाळी उठल्यापासून दर काही तासांनी. दोन औषधांमध्ये पाच मिनिटांचं अंतर, नाहीतर दुसरा थेंब पहिल्याला धुऊन नेतो. आणि एका वेळी एकच थेंब. बाटलीतून पडणारा एक थेंबच डोळ्यात मावतो त्याहून मोठा असतो. दुसरा घातला तर तो गालावर जातो.

देणाऱ्यानं हे लक्षात ठेवावं. घेणाऱ्याची ओंजळ केवढी आहे त्यावर देणं ठरतं.

*

स्वतःच्या डोळ्यात स्वतः थेंब घालता येतो. मी प्रयत्न केला. बाटली जवळ आली की पापणी मिटायची. पापणीला माझा हात आणि परका हात यांतला फरक कळत नाही, जवळ येणारी प्रत्येक गोष्ट तिला धोकाच वाटते. सौ.नं खालची पापणी ओढली, म्हणाली, ‘वर बघा.’ वर पंखा होता. थेंब पडला. डोळे मिटा, कोपऱ्यावर बोट दाबून धरा, मिनिटभर तसंच. घशात कडू चव उतरायची. डोळ्याची वाट नाकातून घशापर्यंत जाते, ही तिची खूण.

‘वर बघा’ या दोन शब्दांवर मी सहा आठवडे जगलो. ज्याच्या घरी हे दोन शब्द म्हणायला कुणी नाही, त्याचं बरं होणं दुप्पट अवघड आहे.

*

सुश्रुतानं अर्म काढायची रीत सविस्तर सांगितली आहे. रोग्याला स्निग्ध अन्न खाऊ घालायचं, बसवायचं, मिठाच्या चूर्णानं अर्म चेतवायचं, आकड्यानं उचलायचं आणि मंडलाग्र शस्त्रानं कापायचं. पण सगळं कापायचं नाही. कोपऱ्याकडचा चौथा हिस्सा ठेवायचा, नाहीतर डोळ्याच्या कोपऱ्याला इजा होते. नंतर पट्टी बांधायची. तीन दिवसांनी ती सोडून तळहाताचा शेक द्यायचा.

या साऱ्या वर्णनात मला शस्त्रापेक्षा दोन जागा मोठ्या वाटतात. जिथं तो थांबतो ती, आणि जिथं तो तळहात ठेवतो ती.

*

दुसऱ्या दिवशी वाटी काढली आणि आरशात पाहिलं. पांढरं कुठं उरलंच नव्हतं, सगळं रक्ताळलेलं. नात दारातूनच परत फिरली. डॉक्टरबाई म्हणाल्या, ‘काका, लाल दिसणारच. लाल आहे म्हणजे बिघडलंय असं नाही.’ पुढचे तीन आठवडे लाल, मग फिकट लाल, मग कडेला पिवळसर, असं ते उतरत गेलं. जखम भरत असते तेव्हाच ती सर्वांत वाईट दिसते.

पण त्यांनी दुसरंही सांगितलं, आणि ते इथं लिहून ठेवायला हवं. दुखणं दिवसागणिक कमी व्हायला हवं. कमी होत आलेलं दुखणं पुन्हा वाढलं, दिसणं अंधूक झालं, पू आला, उजेड पुन्हा सोसेनासा झाला, तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता त्याच दिवशी यायचं. धीर धरणं वेगळं आणि दुर्लक्ष करणं वेगळं. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात, म्हणून माणसं फसतात.

*

एक थेंब स्टेरॉइडचा होता. तो बरं वाटलं म्हणून एकदम सोडायचा नसतो. आधी दिवसातून सहा वेळा, मग चार, मग तीन, दोन, एक. आणि बरं वाटतंय म्हणून आपल्या मनानं चालूही ठेवायचा नसतो. त्यानं काहींच्या डोळ्यातला दाब वाढतो, म्हणून मध्ये मध्ये तपासणी.

धरणं आणि सोडणं, दोन्हीला वेळापत्रक लागतं. नोकरी सोडताना, मुलांच्या संसारातून हात काढून घेताना मला कुणी असं वेळापत्रक दिलं असतं तर बरं झालं असतं. मी दोन्ही एकदम सोडलं आणि दोन्हीची जखम बराच काळ लाल राहिली.

*

वाचायचं नाही असं कुणी म्हटलं नव्हतं. पण वाचताना, पडद्याकडे बघताना, पापण्या लवायच्या कमी होतात. डोळा कोरडा पडतो, खुपतो. म्हणून पहिला आठवडा मी ऐकत राहिलो. ऐकताना कळलं, आपल्या घरात पहाटे पाचला बुलबुल बोलतात आणि सौ. स्वयंपाक करताना गुणगुणते. ती चाळीस वर्षं गुणगुणत असणार.

*

आता झेंडीवाल्याबद्दल.

मोजणीला झेंडी धरायला एक गडी माझ्याबरोबर वीसेक वर्षं होता. मी दुर्बिणीशी, तो समोर दोन-तीनशे पावलांवर, झेंडी ताठ धरून. मी हात वर केला की त्यानं उजवीकडे सरायचं, खाली केला की थांबायचं. मी दुपारी छत्रीखाली उभा असायचो. त्याला छत्री नव्हती; झेंडी धरायला हात मोकळा लागतो. शिवाय मोजणीचा हंगाम संपला की मी कचेरीत बसायचो आणि तो दुसऱ्याच्या रानात जायचा.

त्याच्या दोन्ही डोळ्यांत वडस होतं. माझ्याआधी पुष्कळ वर्षं. मला ते रोज दिसत होतं. दुर्बिणीतून तर माणूस जवळ दिसतो.

*

त्याचं ऑपरेशन एका शिबिरात झालं. मांस काढलं, ठिगळ लावलं नव्हतं. हिरवी पट्टी, थेंबांची बाटली, पंधरा दिवस धूळ-ऊन टाळा, अशी सूचना. पाचव्या दिवशी तो मळणीयंत्रासमोर उभा होता. ज्वारीचा भुसा डोक्यापासून पायापर्यंत. मी विचारलं तेव्हा म्हणाला, ‘डोळं झाकून बसाय कुटं जमतंय सायेब? म्हशीला कोण घालणार?’

वर्षाच्या आत मांस परत आलं. पहिल्यापेक्षा जाड. नंतर त्याला तपासणाऱ्या डॉक्टरांनी दोन कारणं सांगितली : उघडी ठेवलेली जागा आणि न मिळालेली विश्रांती.

पहिलं कारण शास्त्रानं दूर केलं आहे. दुसरं शास्त्राच्या हातात नाही.

*

माझ्या चिठ्ठीवरची आणि त्याच्या चिठ्ठीवरची औषधं जवळजवळ तीच. माझ्याकडे पेन्शन होती, पंखा होता, सौ. होती, तुळशीजवळ सावलीत खुर्ची होती. त्याच्याकडे बाटली होती.

औषधाचा मुख्य भाग बाटलीत नसतो. तो बाटलीच्या भोवतीच्या पंधरा दिवसांत असतो. हे पंधरा दिवस दुकानात मिळत नाहीत. कुणीतरी ते द्यावे लागतात.

*

सहाव्या आठवड्यात डॉक्टरबाईंनी यंत्रावर हनुवटी टेकवायला सांगितली, उजेडाची फट डोळ्यावर फिरवली आणि म्हणाल्या, ‘छान बसलंय. कडा स्पष्ट आहे.’ माझ्या खात्यात खुणा जागेवर सापडल्या की आम्ही असंच म्हणायचो. परत वाढायचं असेल तर ते बहुधा पहिल्या वर्षातच वाढतं, म्हणून त्यांनी पुढच्या तारखा दिल्या. हद्द कायम केली म्हणजे काम संपलं असं कधीच नसतं. दर पावसाळ्यानंतर बांधावरून एक फेरी मारावी लागते.

घरी येताना रस्त्यावर खडी पसरणाऱ्या बाया दिसल्या. डोक्याला फडकी, डोळे उघडे. त्यांतल्या एकीच्या डोळ्यात ते मांस होतं. आता मला ते लांबूनही ओळखता येतं.

*

वरच्या पापणीखालचा तुकडा काही जास्त पुण्यवान नव्हता. तो फक्त झाकलेला होता. उन्हात जळलेल्या भागानं उन्हाचा वाटा उचलला म्हणून तो निरोगी राहिला. मग वेळ आली तेव्हा त्यातलं थोडं काढून जळलेल्या जागी लावलं. त्याचं फारसं बिघडलं नाही, काही दिवसांत तो भरून आला. डोळा वाचला.

सावलीत राहिलेल्यांकडून एवढंच मागणं आहे.

तुमच्या रानात, तुमच्या बांधकामावर, तुमच्या दाराशी जे उन्हात उभे आहेत त्यांच्या डोळ्यांकडे एकदा नीट बघा. रुंद काठाची टोपी आणि कडेपर्यंत झाकणारा गडद चष्मा मजुरीबरोबर द्या. ती कामाची हत्यारं समजा. डोळ्यात मांस दिसलं तर ते बुबुळावर चढायच्या आत नेत्रतज्ज्ञांना दाखवा. ऑपरेशन ठरलं तर ठिगळ लावणार का, हे विचारा. आणि झाल्यावर पंधरा दिवसांची मजुरी हातात देऊन त्या माणसाला घरी बसवा.

झेंडीवाल्याचं दुसरं ऑपरेशन येत्या महिन्यात आहे. या वेळी ठिगळ लावणार आहेत. म्हशीच्या वैरणीची आणि दुधाची सोय माझ्या पुतण्यानं अंगावर घेतली आहे. झेंडीवाल्याच्या घरी थेंब घालायला कुणी नाही, बायको जाऊन तीन वर्षं झाली. त्याचं घर माझ्या घरापासून आठ मिनिटांवर आहे. पंधरा दिवस दर चार तासांनी मी तिथं जाणार आहे.